कंस घाला, पण प्रत्येक कंसाला क्रमांक देऊ नका



विद्यार्थ्यांच्या याद्या आता संगणकावर असतात. एका यादीत नाव आधी, दुसऱ्या नमुन्यात आडनाव आधी. शंभर-दोनशे नावं हाताने उलटसुलट करत बसण्यापेक्षा रेग्युलर एक्स्प्रेशन वापरावं. हा म्हणजे मजकूर शोधण्याचा एक नमुना. लिब्रेऑफिस कॅल्क किंवा गुगल शीट्समध्ये 'फाइंड अँड रिप्लेस' उघडून रेग्युलर एक्स्प्रेशनच्या पर्यायावर खूण केली की झालं.

समजा, यादीत 'चि. अ ब क' असं लिहिलं आहे. अ म्हणजे नाव, ब म्हणजे वडिलांचं नाव, क म्हणजे आडनाव. आपल्याला 'क अ ब' हवं आहे. बरेच जण असं लिहितात :

शोधा : ^(चि|कु)\. ([^ ]+) ([^ ]+) ([^ ]+)$
बदला : $3 $1 $2

[^ ]+ म्हणजे मोकळी जागा सोडून सलग काहीही, थोडक्यात एक शब्द. नावाचे शब्द तीन, म्हणून आडनाव $3, असा हिशेब केलेला असतो. पण उत्तर येतं 'ब चि अ'. आडनावच गायब! संगणक डावीकडून प्रत्येक गोल कंसाला क्रमांक देतो. त्यामुळे पहिला क्रमांक 'चि'ने पटकावला आणि पुढचे सगळे एकेक घर सरकले.

मग पहिला कंस काढून टाकायचा का? नाही. तो काढला तर उभ्या रेघेचा अर्थ 'ओळीच्या सुरुवातीचं नुसतं चि, किंवा कु.पासून पुढचं सगळं' असा होतो. म्हणजे कंस हवा, पण क्रमांक नको. त्यासाठी कंस उघडल्यावर लगेच प्रश्नचिन्ह आणि विसर्गासारखी दोन टिंबं (कोलन) द्यायची :

^(?:चि|कु)\. ([^ ]+) ([^ ]+) ([^ ]+)$

आता 'बदला'मधलं $3 $1 $2 तसंच ठेवा. उत्तर 'क अ ब' बरोबर येतं. वर्गात पाहुणा येऊन बसला तरी आपण त्याला हजेरी क्रमांक देतो का? तसंच आहे हे!

कुणी म्हणेल, साधाच कंस ठेवून $4 $2 $3 लिहिलं तरी चालतं की! चालतं, खरं आहे. एकदाच करायचं असेल तर माझीही हरकत नाही. पण आपले नमुने शाळेत या हातातून त्या हातात जातात. पुढच्या वर्षी कुणी सुरुवातीला आणखी एक कंस वाढवला की सगळे क्रमांक पुन्हा सरकणार. शिवाय ?: दिसलं की वाचणाऱ्याला लगेच कळतं की हा भाग फक्त ओळखण्यासाठी आहे, पुढे वापरायचा नाही.

पालकहो, तुमची मुलं पायथन शिकत असतील तर त्यांनाही हे सांगा. तिथल्या 'फाइंडऑल'ला (चि|कु)\. [^ ]+ असा नमुना दिला तर पूर्ण मजकूर न मिळता नुसते 'चि' आणि 'कु' हाती येतात. कारण कंस असला की ते फक्त कंसातलंच परत देतं. कंसात ?: घाला, 'चि.'सकट नाव मिळेल.

माझं मत स्पष्ट आहे. जो भाग पुढे वापरायचा आहे, त्यालाच साधा कंस द्या, बाकी सगळीकडे?: घाला. आणि 'सर्व बदला' दाबण्याआधी यादीची प्रत काढून चार-पाच नावांवर करून बघा. यादीतलं चुकलेलं नाव पुढे दाखल्यावर उतरतं आणि ते दुरुस्त करायला हेलपाटे पालकांनाच घालावे लागतात. दोन चिन्हं जास्त टाइप करणं त्यापेक्षा कितीतरी सोपं, नाही का?