श्रीमंतांवरील कर : नुसता दर वाढवून काय साधणार?

निवडणूक आली की 'बड्या धेंडांवर कर वाढवा' ही घोषणा हमखास कानी पडते. टाळ्याही मिळतात. आम्हां बँकेत आकड्यांशी झगडणाऱ्यांचा मात्र तिच्यावर विश्वास बसत नाही, कारण हा प्रयोग आपल्या देशात होऊन गेला आहे.

१९७३-७४ मध्ये आयकराचा सर्वांत वरचा दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. वरच्या टप्प्यातील शंभर रुपयांपैकी हाती उरत सव्वादोन रुपये! एवढा कर सचोटीने भरणार कोण? अशा दरांमुळेच करचुकवेगिरी फोफावते, हे वांछू समितीने १९७१ मध्येच बजावले होते. अखेर १९८५ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांनी वरचा दर ५० टक्क्यांवर आणला.

आजची अडचण निराळी आहे. नव्या करप्रणालीत तीन कोटी पगारवाल्याला वरच्या टप्प्यावर अधिभार व उपकर धरून ३९ टक्के कर लागतो. तेवढेच तीन कोटी बाजारातील शेअर वर्षभराहून जास्त ठेवून, मग विकून मिळवले, तर जेमतेम १५ टक्के. आणि ज्याने शेअर विकलेच नाहीत, तारण ठेवून कर्ज काढले, त्याला काहीच नाही. कर्ज म्हणजे उत्पन्न नव्हे ना! दर वाढला की सापडतो तो पगारदार. त्याचा कर तर पगार हाती पडण्यापूर्वीच कापलेला असतो.

म्हणून मालमत्तेकडे पाहणे भाग आहे. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५३ मध्ये आलेला वारसा कर १९८५ मध्ये गेला. वसुली थोडी आणि खर्च फार, हे कारण. संपत्ती करही २०१५ च्या अर्थसंकल्पात गेला. आमच्या मते वारसा कर परत यावा, मात्र राहते घर आणि मध्यमवर्गीयाची पुंजी वगळून.

इथे आपल्याच मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतील. इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याच्या कित्येक जुन्या घरांत वडिलोपार्जित वाडे आहेत, शेती आहे, अविभक्त कुटुंबाच्या नावे वेगळे पॅन कार्ड आहे. शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त आहे, म्हणे लहान शेतकऱ्यासाठी. पण नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर तसाही कर पडत नाही. मग या सुटीचा खरा लाभ कोणाला, हे आपण जाणतोच. शेती-उत्पन्नावरील कर घटनेने राज्यांकडे सोपवला आहे. तेव्हा दिल्लीकडे बोट दाखवून भागणार नाही, मत मागायला दारी येणाऱ्या आमदारालाच हे विचारले पाहिजे.