आगाऊ खर्च कंपनीचा, आगाऊ घाम कामगाराचा

मनुष्यबळ पुरविणाऱ्या कंपन्यांचे तिमाही निकाल आले, की अर्थपाने नफ्याच्या टक्केवारीने भरून जातात. ताळेबंदातील ‘पूर्वदत्त खर्च’ या बाबीकडे मात्र कोणी फिरकत नाही. वर्षभराच्या विम्याचा हप्ता वा संगणक-प्रणालीचे परवानाशुल्क एप्रिलमध्येच भरले, तर ती सारी रक्कम त्या महिन्याच्या खर्चात पडत नाही. ती मालमत्ता म्हणून ताळेबंदात बसते आणि महिन्यामहिन्याने खर्ची पडते. हिशेबशास्त्रदृष्ट्या यात काहीही गैर नाही. परंतु ही रक्कम एकाएकी फुगली, तर तिजोरीतील रोकड घटते आणि नफा जागच्या जागी राहतो. वाढ नव्या करारांमुळे झाली, की चालू वर्षाचा बोजा पुढील वर्षावर ढकलल्यामुळे, हे रोखप्रवाहाचे पत्रक पाहून विचारलेच पाहिजे.

याहून मोठी आगाऊ रक्कम मात्र कोणत्याच पत्रकात नसते. विमा कंपनीला वर्षाचे पैसे आधी मिळतात. कामगाराला महिनाभर राबल्यानंतर. 2019 च्या वेतनसंहितेप्रमाणे मासिक वेतन पुढील महिन्याच्या 7 तारखेपर्यंत द्यावयाचे असते. म्हणजे पहिल्या दिवसाचे श्रम कामगार पाच आठवडे उसने देतो, तेही बिनव्याजी! ग्राहक-कारखाने बिले उशिरा भरतात, असे कंपन्या म्हणतील. ते खरेही आहे. पण मग या साखळीतला सर्वांत दुबळा धनको कोण, याचे उत्तर त्यांनीच द्यावे.

नगर जिल्ह्याला आगाऊ रकमेचा आणखी एक अर्थ ठाऊक आहे. पाथर्डी-शेवगावचे ऊसतोड जोडपे हंगामापूर्वी मुकादमाकडून ‘उचल’ घेते आणि ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवू शकत नाही. कारखान्याच्या वहीत जी रक्कम येणे म्हणून शोभते, तीच मजुराच्या कोपीत कर्ज होऊन बसते. वेठबिगारीविरोधी कायदा 1976 चा आहे. उचल आजही चालू आहे.

याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीने 1975 नंतर श्रमदानातून नालाबांध घातले. तेही आगाऊच दिलेले श्रम होते. पण त्यांचे फळ पाणी होऊन गावाच्याच विहिरींत उतरले. त्याच पारनेर तालुक्यात, सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदारामार्फत राबणाऱ्या तरुणाच्या श्रमांचे फळ कोणाच्या विहिरीत उतरते? राळेगणच्या शिस्तीचे गोडवे गाणारे उद्योगपती हा फरक सोयीस्करपणे विसरतात.

त्यात 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता अमलात आल्या. 1970 च्या केंद्रीय कंत्राटी कामगार कायद्याची 20 मजुरांची मर्यादा आता 50 वर गेली आहे. छोट्या ठेकेदारांना हे मोकळे रानच होय. ठेकेदाराने वेतन बुडविल्यास मूळ मालकाने ते द्यावे, ही तरतूद नव्या संहितेतही शिल्लक आहे; तिचा वापर कामगार संघटनांनी करावयास हवा. माहितीच्या अधिकारासाठी राळेगणसिद्धीतून लढा उभा राहिला, पण खासगी कंपन्यांच्या वह्या त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिल्या. शेअरबाजारात नोंदलेल्या कंपन्यांना सेबीच्या नियमांमुळे निकाल जाहीर करावेच लागतात. त्या निकालांसोबत थकीत वेतनाचा आणि भविष्यनिर्वाह निधीच्या थकबाकीचा स्वतंत्र तक्ता जोडावा, ही मागणी तालुक्या-तालुक्यातील कार्यकर्त्यांनी सेबीकडे व कामगार मंत्रालयाकडे लेखी पाठवावी.