खर्जाच्या अतिरेकाविरुद्ध फिर्याद

विजेच्या वस्तूंच्या कोणत्याही दुकानात, मग ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचे असो वा पुण्याच्या पासोड्या विठोबाजवळचे, हेडफोन मागणाऱ्या तरुणापुढे जी खोकी मांडली जातात त्यांपैकी बहुतेकांवर वाढीव खर्जाची ग्वाही ठळक अक्षरांत छापलेली असते, आणि हजार-दोन हजार रुपयांच्या मर्यादेत खरेदी करू पाहणाऱ्या ग्राहकाने तेवढ्या एका गुणावर संतुष्ट राहावे अशी उत्पादक व विक्रेता या दोघांचीही अपेक्षा असते. या प्रथेने सर्वच संगीताचे थोडेबहुत नुकसान होते; परंतु ज्या संगीतप्रकाराविषयी बाहेरच्या माणसाची समजूत अशी, की तो म्हणजे निव्वळ गडगडाट आणि म्हणून वाढीव खर्ज त्याला सर्वाधिक मानवणार, त्या हेवी मेटलवर या प्रथेने केलेला अन्याय मला विशेष गंभीर वाटतो, आणि त्याचीच कैफियत येथे तपशिलाने मांडावयाची आहे.

हे संगीत इंग्लंडातील बर्मिंगहॅम या कारखानदारीच्या नगरात आकारास आले, आणि १३ फेब्रुवारी १९७० रोजी निघालेल्या 'ब्लॅक सॅबथ' या वादकमंडळीच्या पहिल्या संग्रहापासून त्याचा इतिहास मोजण्याचा प्रघात आहे. त्या मंडळीतला गिटारवादक टोनी आयोमी हा डावखुरा. पत्र्याच्या कारखान्यात काम करीत असता यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची अग्रे तुटली, आणि तारा दाबण्याचे काम नेमके त्याच हाताकडे असल्यामुळे त्याने प्लॅस्टिकच्या टोप्या करून त्या बोटांवर चढवल्या, बारीक तारा लावल्या, आणि पुढे १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी' या संग्रहात गिटार दीड स्वर खाली उतरवून वाजवली. ताण कमी व्हावा आणि बोटांना सुसह्य व्हावे म्हणून केलेल्या या तजविजीतून जो गंभीर नाद उपजला तोच पुढे पन्नास वर्षे या परंपरेचा आधारस्वर झाला. गिटारीची सर्वांत जाड तार नेहमीच्या जुळणीत सुमारे ८२ हर्ट्झला कंप पावते आणि आयोमीच्या उतरत्या जुळणीत ती ६९ च्या जवळ येते. एवढ्यावरून मेटल म्हणजे खर्जाचेच संगीत असा निष्कर्ष कोणी काढला तर तो वरवर पाहता सयुक्तिक वाटेल.

परंतु मेटलची गिटार ज्या कारणाने मेटलची होते ते कारण तारेत नसून अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आहे. त्याच्या शक्तीबाहेरचा भार त्याच्यावर घातला म्हणजे ध्वनिलहरीचे माथे कापले जातात, आणि त्या कापण्यातून मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा कंपनसंख्यांच्या उपस्वरांची दाट मांडणी उत्पन्न होते; पुढे बारा इंची स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या वरचा भाग झपाट्याने गाळून टाकतात. म्हणजे ज्याला आपण त्या गिटारीची धार, तिचे वजन, तिचा राकटपणा म्हणतो तो सारा ऐवज दोनशे ते पाच हजार हर्ट्झच्या मध्यप्रदेशात साठवलेला असतो, आणि मनुष्याच्या बोलण्याचा अर्थ कळवणारा प्रदेशही बहुतांशी हाच आहे. याला जोडून श्रवणशास्त्रातला एक सुप्रतिष्ठित सिद्धांत लक्षात घ्यावयास हवा, तो असा, की खालच्या पट्टीतला जोरकस ध्वनी वरच्या पट्टीतल्या ध्वनींना कानातल्या कानात झाकून टाकतो, मात्र वरच्या ध्वनीकडून खालचा तितक्या सहजतेने झाकला जात नाही. तेव्हा ज्या हेडफोनात शंभर ते अडीचशे हर्ट्झचा पट्टा मुद्दाम फुगवलेला असतो तो मेटल अधिक भारदस्त करीत नाही. तो गिटारीला तिच्या हक्काच्या जागेवरून बेदखल करतो.

ढोलाची गोष्ट याहूनही बोलकी आहे. दोन्ही पायांनी बेस ड्रम वाजवणारा वादक मिनिटाला दोनशे मात्रांच्या लयीत प्रत्येक मात्रेचे चार भाग करू लागला, की एका सेकंदात तेरांहून अधिक आघात पडतात आणि दोन आघातांमध्ये सेकंदाच्या तेराव्या हिश्श्याइतकेही अंतर उरत नाही. हे आघात सुटे ऐकू येतात ते मुख्यत्वे मोगरीच्या टोल्याच्या त्या 'टक्' अशा अग्रभागामुळे, आणि तो अग्रभाग दोन हजार हर्ट्झच्या वर असतो. त्याच्यामागून येणारा घुमारा हेडफोनने लांबवला की पहिला आघात विरण्यापूर्वी दुसरा येऊन आदळतो, आणि ज्या कलावंताने वर्षानुवर्षे घोटे झिजवून ती सफाई मिळवली त्याची सारी साधना एका अखंड घरघरीत बुडून जाते.

वरच्या पट्टीची दक्षताही तितकीच आवश्यक आहे, परंतु तिचा विचार थोडक्यात आटोपता येईल. सहा ते नऊ हजार हर्ट्झच्या दरम्यान स्वस्त हेडफोनांना अनेकदा एक टोकदार उंचवटा असतो; दुकानात दोन मिनिटे ऐकताना तो स्वच्छतेसारखा भासतो, पण मेटलमध्ये झांजा जवळजवळ अखंड वाजत असल्यामुळे अर्ध्या तासात कान शिणतो. ध्वनिमुद्रणातच दोष असेल तेथे मात्र कोणताही हेडफोन हतबल आहे. मेटॅलिका या मंडळीचा २००८ चा 'डेथ मॅग्नेटिक' हा संग्रह इतका दाबून आणि फुगवून मुद्रित केला गेला, की श्रोत्यांनी त्याविरुद्ध उघड तक्रार केली. आणि त्यांच्याच १९८८ च्या '...अँड जस्टिस फॉर ऑल'मध्ये जेसन न्यूस्टेडची बेस गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही. वाढीव खर्जाने ती परत आणता येईल या आशेवर कोणी पैसे खर्च करू नयेत, कारण त्या उपायाने वर येतो तो ढोल.

आता किमतीविषयी. अल्प किमतीत चांगला नाद मिळणे अशक्य, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे, की मध्यमवर्गीय घरातला मुलगा दोन हजारांचा हेडफोन घेताना मनात आधीच पराभव मान्य करून बसलेला असतो. ध्वनिशास्त्रज्ञ यरून ब्रेबार्ट यांनी २०१७ साली २८३ हेडफोनांच्या मापनांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि हेडफोनची किंमत व त्याचा कंपनप्रतिसाद यांत सुसंगत असा संबंध आढळत नाही असा निर्वाळा दिला. खालच्या, मधल्या आणि वरच्या पट्टीला किती न्याय मिळतो हे सांगणारा हा प्रतिसादच नादाच्या गुणावगुणांत सर्वांत मोठा भागीदार असल्यामुळे, अल्प खिशाच्या रसिकाने या निष्कर्षाला आपल्या बाजूची सनद मानावे असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याच न्यायाने मी तारेच्या हेडफोनाची शिफारस करतो. बिनतारी जोडीच्या किमतीतला मोठा हिस्सा बॅटरी, रेडिओची चिप, चार्जिंगची डबी आणि सूक्ष्म अ‍ॅम्प्लिफायर यांच्यात वाटला जातो, आणि त्यातली बॅटरी काही वर्षांत थकते तेव्हा ती बदलून घेण्याची सोय स्वस्त वस्तूंत सहसा नसते. तारेच्या हेडफोनात तोच पैसा नाद निर्माण करणाऱ्या पडद्यापर्यंत पोहोचतो. अ‍ॅपलने २०१६ साली आयफोन ७ मधून हेडफोनचे छिद्र काढून टाकले, आणि पुढे इतरांनीही तोच कित्ता गिरवल्यामुळे अनेकांची अडचण झाली हे खरे. तथापि टाइप-सी जोडणीचा छोटा अ‍ॅडॅप्टर काहीशे रुपयांत मिळतो, तेव्हा ही हरकत निर्णायक मानण्याचे कारण नाही.

कोणता प्रकार घ्यावा याचा निवाडा मात्र ऐकण्याच्या जागेवर अवलंबून आहे. मिलवॉकीच्या कॉस कंपनीने १९८४ साली काढलेला 'पोर्टा प्रो' हा घडी होणारा हलका हेडफोन आजही जवळजवळ त्याच रूपात विकला जातो. त्याचा खर्ज किंचित भरलेला असला तरी वरची पट्टी सौम्य असल्यामुळे कर्कश मुद्रणेही तो सुसह्य करतो, आणि घरातल्या शांत खोलीत मेटल ऐकण्यासाठी इतक्या लहान आकाराचे याहून समाधानकारक साधन मला ठाऊक नाही. परंतु तो उघड्या पाठीचा आहे. आतला आवाज बाहेर जातो आणि बाहेरचा आत येतो, म्हणून गर्दीच्या लोकलमध्ये त्याचा काडीचाही उपयोग नाही. तेथे कानाच्या नलिकेत बसणारा तारेचा इयरफोनच हवा. चेंगदूच्या मूनड्रॉपसारख्या चिनी उत्पादकांनी दोन हजारांच्या आसपास, मोजमाप पुढे ठेवून घडवलेले असे इयरफोन गेल्या काही वर्षांत उपलब्ध करून दिले, ही अल्प उत्पन्नाच्या रसिकासाठी मोठीच घटना आहे. मात्र त्यासोबत येणाऱ्या रबरी टोप्यांपैकी योग्य आकाराची टोपी निवडण्याचे कष्ट घेतलेच पाहिजेत, कारण फट राहिली की खर्ज निसटतो, आणि मग ग्राहक चांगल्या वस्तूला दोष देऊन पुन्हा त्या वाढीव खर्जाच्या खोक्याकडे वळतो.

बाहेरचा गोंगाट अडवण्याचा प्रश्न आरोग्याचाही आहे. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाशेजारचे रंगभवन हे खुले नाट्यगृह, जेथे या शहरातल्या रॉक आणि मेटल श्रोत्यांच्या पिढ्या घडल्या, ते शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे या संगीताला बंद झाले. भयानक मौत किंवा डिमॉनिक रेझरेक्शन यांसारख्या मुंबईच्या मंडळींचे संगीतही बहुतेकांपर्यंत आता मुख्यत्वे हेडफोनातूनच पोहोचते. जे साधन अशा रीतीने श्रोत्याचे सभागृह झाले, ते रोज तासन्‌तास कानात राहणार हे उघड आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे चाळीस तास ही मर्यादा सांगितली आहे, आणि पातळी तीन डेसिबलने वाढली की ती मुदत निम्मी होते. म्हणजे ८९ डेसिबलला आठवड्याचे पाचच तास उरतात. गाडीच्या खडखडाटावर मात करण्यासाठी आवाज वाढवणारा तरुण ही मर्यादा नकळत ओलांडतो, आणि एकदा नष्ट झालेल्या कर्णपेशी मनुष्याला परत मिळत नाहीत. कान नीट बंद करणारा इयरफोन तेच गाणे बऱ्याच खालच्या पातळीवर स्पष्ट ऐकवतो, म्हणून मी कान बंद करण्याच्या या गुणाला खर्जाहून, रूपाहून आणि नाममुद्रेहून अधिक महत्त्व देतो.

परीक्षेसाठी फार सामग्रीही लागत नाही. आयर्न मेडन या मंडळीचा १९८२ चा 'द नंबर ऑफ द बीस्ट' हा संग्रह लावून डेव्ह मरी आणि एड्रियन स्मिथ यांच्या दोन गिटारी निरनिराळ्या ओळखता येतात काय, आणि त्यांच्याखालून बोटांनी खणखणीत वाजवलेली स्टीव्ह हॅरिसची बेस सलग अनुसरता येते काय, हे पाहावे. नंतर स्लेयरच्या १९८६ च्या 'रेन इन ब्लड'मध्ये, जो अवघ्या एकोणतीस मिनिटांत संपतो, डेव्ह लोम्बार्डोच्या पायांचे आघात मोजण्याइतके सुटे राहतात काय ते ऐकावे. हेडफोन या दोन्हींत उतरला, तर पेटीवर काय लिहिले आहे याची फिकीर करू नये.

आणि पेटीवर जे लिहिले जाते त्याचीच माझी खरी तक्रार आहे. २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार उत्पादकाचे नाव, पत्ता, कमाल किंमत, तक्रारीसाठी संपर्क हे सारे नमूद करणे बंधनकारक आहे. परंतु ज्या नादासाठी ग्राहक पैसे मोजतो त्याविषयी '२० ते २०,००० हर्ट्झ' एवढाच मजकूर असतो, आणि त्या पट्ट्यात कोठे किती डेसिबलचा चढउतार आहे हे सांगितल्यावाचून त्या आकड्यांना काहीही अर्थ नाही. प्रतिसादाचा आलेख, तो कोणत्या पद्धतीने मोजला याच्या उल्लेखासह, प्रत्येक पेटीवर छापण्याची सक्ती शासनाने करावी. मोजमाप उत्पादकांच्या दप्तरी असतेच, ते ग्राहकापुढे ठेवण्यास वेगळा खर्च येत नाही. तोवर दुकानदारांनी निदान प्रत्येक नमुन्याची एक जोडी उघडी ठेवून, टोप्या बदलून, ग्राहकाला त्याच्याच फोनवरचे त्याचे गाणे ऐकण्याची मुभा द्यावी.