परवान्याचे पिस्तूलही गोळीच झाडते

‘गुन्हे गावठी कट्ट्याने होतात, मग परवानाधारकांना जाच कशाला?’ असा सवाल एका वाचकाने केला आहे. कट्टे जप्त व्हायलाच हवेत, त्याबद्दल दुमत नाही. पण फेब्रुवारी २०२४ आठवा. २ तारखेला उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, थेट वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात, एका तत्कालीन आमदाराने गोळ्या झाडल्या. ८ तारखेला दहिसरमध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली, ती मारेकऱ्याच्या अंगरक्षकाकडच्या परवान्याच्या पिस्तुलातून. म्हणजे परवाना एकाचा आणि चापावर बोट दुसऱ्याचे!

शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, हे ठीकच. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत मात्र तीन वर्षांवरून पाच केली. पाच वर्षांत माणसाची संगत, कर्जे, भाऊबंदकी, सगळेच बदलते. मिरवायला कमरेला पिस्तूल लावणाऱ्यांची (लग्नाच्या वरातीत बार काढणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको) छाननी दरवर्षी व्हावी आणि गुन्हा नोंद होताच शस्त्र ठाण्यात जमा करून घ्यावे. परवाना निलंबित वा रद्द करण्याचा अधिकार शस्त्र कायद्याच्या कलम १७ ने आजही दिलेला आहे. जिल्हाधिकारी आणि पोलीस आयुक्तांनी तो वापरावा.

– एक वाचक, डोंबिवली