माळी मासाळांच्या आधी का?

कुंडलच्या क्रांतिअग्रणी डॉ. जी. डी. बापू लाड सहकारी साखर कारखान्यासारख्या कुठल्याही मोठ्या सहकारी संस्थेला सभासदांची यादी वरचेवर लागते. वार्षिक सभा असो, ऊस नोंदणी असो की निवडणूक, नावं अकारविल्हे लावायची असतात. संगणक ती क्षणात लावून देतो. तो क्रम कुणी ठरवला, हे मात्र कुणी विचारत नाही, आणि मराठीची हेळसांड तिथंच होते.

माने, मालुसरे, मासाळ, माळी हा आपला क्रम. शाळेत घोकलेल्या मुळाक्षरांत ‘ह’नंतर ‘ळ’ येतो, मग ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’. संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या देवनागरी तक्त्यात मात्र ‘ळ’ला ‘ल’च्या लगेच पुढचा क्रमांक आहे. त्यामुळे नुसत्या क्रमांकांवर विसंबलेल्या यादीत माळी मासाळांच्या आधी येतात आणि क्षीरसागर ‘क’मध्ये जाऊन बसतात. ‘ॲ’ला तर २००८ साली तक्त्याच्या शेवटाकडे जागा मिळाली. म्हणून नावाआधी ‘ॲड.’ लावलेले सगळे वकील ‘ह’च्याही खाली जातात. मतदार यादीत स्वतःचं नाव शोधणाऱ्या म्हाताऱ्या सभासदानं ते कुठं शोधायचं?

क्रम लावण्याच्या या नियमांना कोलेशन म्हणतात, आणि आपल्याकडे कोणते नियम आहेत हे अनेक डेटाबेस सर्व्हर विचारल्यावर सांगतात. मायएसक्यूएलला ‘शो कोलेशन’ ही आज्ञा द्या. स्वीडिश, तुर्की, व्हिएतनामी सापडतील, मराठी नाही. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘एफएन हेल्पकोलेशन्स’ हे फंक्शन हजारांनी नावं दाखवतं. त्यातही मराठीच्या नावाचा नियम नाही, ‘इंडिक जनरल’वर भागवावं लागतं. कोट्यवधी लोकांच्या भाषेला ही वागणूक मला मान्य नाही.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये मात्र सोय आहे. २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून त्यात आयसीयू या मोफत सॉफ्टवेअर लायब्ररीचे नियम वापरता येतात. ‘पीजी कोलेशन’ या तक्त्यात ‘एमआर’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळी शोधा, मराठीचा नियम तिथं तयार आहे: ‘ह’नंतर ‘ळ’, मग ‘क्ष’, ‘ज्ञ’. तो हव्या त्या रकान्याला लावता येतो, आणि २०२२ च्या पंधराव्या आवृत्तीपासून अख्ख्या डेटाबेसलाही. एक काळजी घ्यावी लागते. आयसीयूची आवृत्ती बदलली की जुने इंडेक्स नव्यानं बांधावे लागतात, नाहीतर असलेली नावंही सापडेनाशी होऊ शकतात.

हे काम खर्चाचं नाही, आधी विचारण्याचं आहे. पलूस-कडेगाव भागातल्या पतसंस्था, सोसायट्या, शाळा आणि ग्रामपंचायतींच्या कारभाऱ्यांना माझी विनंती आहे: नवी प्रणाली घेताना करारातच मराठी वर्णक्रमाची अट घाला. बिल देण्यापूर्वी मालुसरे, मासाळ, माळी, हजारे आणि क्षीरसागर ही पाच नावं उलटसुलट टाकून यादी लावायला सांगा. ती याच क्रमानं आली नाही, तर काम पुरं झालं असं समजू नका.