पानाची सही

हुंडी हाती आली की जुना मुनीम रकमेआधी सही न्याहाळीत असे. जीवाश्मांच्या अभ्यासकाची रीतही फारशी निराळी नाही. लाखो वर्षे मातीखाली दबलेल्या वृक्षाची उंची किंवा डौल त्याला दिसत नाही. हाती लागते ते बहुधा एखादी डहाळी आणि तिची चिमुकली पाने.

जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ शिगेरू मिकी यांच्यासमोर मध्य होन्शूच्या चिकणमातीतून निघालेले असेच अवशेष होते. अशी पाने तोवर सिकोया किंवा टॅक्सोडियम या परिचित सूचिपर्णी वृक्षांच्या खाती जमा होत. मिकींना ती नोंद पटेना. त्या दोन्ही वृक्षांची पाने डहाळीवर एकाआड एक येतात. येथे ती समोरासमोर, जोडीजोडीने होती. शंकूचे खवलेही तसेच, आणि शंकूचा देठ लांब. १९४१ मध्ये त्यांनी ‘मेटासिकोया’ ही नवी प्रजाती जाहीर केली.

पानाच्या पृष्ठभागाची साक्ष याहून सूक्ष्म असते. पानावरील मेणचट उपत्वचा सहसा कुजत नाही. जीवाश्म पानावर प्रथम आम्लाची व मग अल्कलीची प्रक्रिया केली की कोळसा झालेला भाग निघून जातो आणि पारदर्शक पापुद्रा उरतो. त्यावर पेशींचे ठसे व पर्णरंध्रे स्पष्ट दिसतात. स्वीडनच्या रुडोल्फ फ्लोरिन यांनी या रंध्रांच्या रचनेवरून प्राचीन सूचिपर्णींचे गोत्र लावले. मेटासिकोयाची रंध्रे मध्यशिरेला समांतर असतात, टॅक्सोडियमची बहुधा आडवी. एकेंद्रिय जीवाच्या चार प्राणांत श्वासोच्छ्वास गणणाऱ्यांना ही ओळखीची खूण विशेष रुचावी.

मिकींचा वृक्ष नामशेष झाला असेच सारे समजत होते. परंतु चीनमधील मोदाओ गावी ग्रामस्थ ज्याला ‘जलदेवदार’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत, त्या वृक्षाचे नमुने १९४३ मध्ये वांग झान यांनी गोळा केले. ते कशाचे, हा उलगडा तीन वर्षांनी झाला. हू शियानसू यांनी मिकींच्या जीवाश्मांचे वर्णन वाचलेले होते. समोरासमोरची पाने त्यांनी ओळखली. १९४८ मध्ये हू व चेंग वानजुन यांनी या जिवंत जातीचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. बिया गोळा करण्यासाठी अमेरिकेच्या अर्नोल्ड वृक्षोद्यानाने अवघे २५० डॉलर पाठविले होते. त्या बियांपासून वाढलेले वृक्ष आज अनेक देशांतील उद्यानांत उभे आहेत.