हा कोंडमारा कशासाठी?

‘उन्हाळी लागली’ म्हणायचे, धन्या-जिऱ्याचे पाणी प्यायचे आणि गप्प बसायचे, ही आपल्याकडच्या बायकांची जुनी रीत. पण लघवीला जळजळ, पुन्हा पुन्हा जावेसे वाटणे, ओटीपोटात दुखणे ही सारी लक्षणे एकत्र दिसली, तर ती नुसती उष्णता समजू नये. बहुधा तो मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग असतो.

जवळजवळ निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी तो गाठतो. पुरुषाचा मूत्रमार्ग सुमारे २० सेंटिमीटर लांब, स्त्रीचा जेमतेम ४. आतड्यात सुखाने नांदणारे ‘ई. कोलाय’ जंतू एवढे अंतर सहज ओलांडून मूत्राशयात पोचतात. भरपूर पाणी प्यायले आणि वेळच्या वेळी लघवी केली, की ते वाहून जायला मदत होते. वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या स्त्रियांनी रोज दीड लिटर जादा पाणी प्यायले, तेव्हा त्यांचा त्रास जवळजवळ निम्म्यावर आला, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले.

उपाय इतका सोपा; पण बाईने पाणी प्यायचे आणि जायचे कुठे? बाजारात, एसटी स्थानकावर स्वच्छ जागा नाही, म्हणून ती तहान मारते. शाळेतून मुलीची पाण्याची बाटली भरलेलीच परत येते. मुंबईत २०११ साली ‘राइट टू पी’ चळवळ उभी राहिली ती यातूनच. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे, हा कुठला न्याय? ‘मिळून साऱ्याजणी’च्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये महापालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे उभारण्याचे आदेश दिले. स्त्रियांच्या आरोग्याचा प्रश्न म्हणून तो आदेश किती मनावर घेतला, हे प्रत्येकाने आपल्या गावात पाहावे.

घरातही थोडे बदलायला हवे. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत आणि दोन दिवसांत बरे वाटले म्हणून औषध अर्धवट सोडू नये. अशाने जंतू औषधाला दाद देईनासे होतात. त्रास वारंवार होत असेल, तर लघवीची कल्चर तपासणी करून घ्यावी. थंडी वाजून ताप, कमरेच्या वर पाठीत दुखणे, उलट्या ही मूत्रपिंडापर्यंत संसर्ग गेल्याची खूण. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. गरोदर बाई, लहान मूल आणि पुरुष यांनीही घरगुती उपायांवर विसंबू नये.

आज जेवताना लेकीला एवढेच विचारा : शाळेतले स्वच्छतागृह वापरण्याजोगे आहे का? उत्तर ‘नाही’ असेल, तर उद्या मुख्याध्यापकांना भेटा. यात लाजण्यासारखे काही नाही.